दर पाच दिवसांनी खेळणारा कॅचर चाहत्यांना इतका का आवडतो?

डेव्हिड रॉस अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये पंधरा हंगाम खेळला. त्याची बॅटिंगची सरासरी .२२९, म्हणजे शंभर वेळा बॅटिंग करून जेमतेम तेवीस हिट (फटका मारून बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा टप्पा, गाठणं). २०१६ साली अख्ख्या लीगची सरासरी .२५५ होती, त्यामुळे बॅटर म्हणून तो चारचौघांच्याही खालीच. शिकागो कब्सकडे तो फक्त दोन हंगाम होता आणि त्यातलाही बराचसा काळ बाकावर बसून होता. तरीही २ नोव्हेंबर २०१६च्या रात्री कब्सनं १०८ वर्षांनंतर वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगची अंतिम मालिका, जिंकली, तेव्हा सहकाऱ्यांनी खांद्यावर उचलून मैदानाबाहेर नेलं ते या ३९ वर्षांच्या राखीव कॅचरला. आजही शिकागोत रॉसचं नाव काढलं की लोकांचे चेहरे उजळतात.

बेसबॉल न पाहणाऱ्याला हे गौडबंगाल वाटेल. पण राखीव कॅचर, म्हणजे तिथल्या भाषेत बॅकअप कॅचर, नेमकं काय काम करतो हे कळलं की या प्रेमाचा उलगडा होतो. त्याच्या कामातलं बहुतेक सगळं धावफलकावर येत नाही. ज्या चाहत्याला ते दिसायला लागतं, त्याला हा खेळाडू मनापासून आवडायला लागतो.

आधी कॅचरचं काम समजून घेऊ. आपल्याला यष्टिरक्षक माहीत आहे, पण दोघांत फरक मोठा आहे. पिचर ज्या उंचवट्यावरून चेंडू फेकतो तिथून होम प्लेटपर्यंतचं, म्हणजे बॅटर ज्या पाटीशेजारी उभा राहतो तिथपर्यंतचं, अंतर १८.४४ मीटर. प्लेटच्या मागे उकिडवा बसून कॅचर प्रत्येक चेंडू झेलतो, आणि कोणता चेंडू कुठे टाकायचा हेही बहुतेक वेळा तोच सुचवतो. मैदानातल्या नऊ जणांपैकी बाकी आठ जणांची तोंडं प्लेटकडे असतात. अख्खं मैदान समोर दिसतं ते एकट्या कॅचरला. एका सामन्यात एका संघाचे पिचर साधारण १४० ते १५० चेंडू टाकतात. कॅचरला तेवढ्या वेळा बसावं लागतं, शिवाय प्रत्येक इनिंगआधीचे (सामन्याच्या नऊ डावांपैकी एक) सरावाचे चेंडू वेगळे.

एका हंगामात १६२ सामने असतात आणि ते सहा महिन्यांत संपवायचे असतात. महिन्यातून सुट्टीचे दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. एवढे सामने एकाच माणसानं उकिडवं बसून खेळणं गुडघ्यांना झेपत नाही. मुख्य कॅचर साधारण ११० ते १२० सामने खेळतो, उरलेले राखीव कॅचरच्या वाट्याला येतात. ते सामनेही ठराविक असतात. रात्रीचा सामना दहा-साडेदहाला संपला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एकला पुन्हा मैदानात उतरायचं असेल, तर दुपारी राखीव कॅचर खेळणार हे चाहते गृहीतच धरतात. दुसरी शक्यता म्हणजे एखाद्या पिचरला तोच कॅचर हवा असतो. पिचर दर पाच दिवसांनी खेळतो, तसा त्याच्याबरोबर हा कॅचरही.

मग बाकीचे दिवस तो नुसता का बसून असतो? अडीअडचणीला त्याला बॅटिंगला का पाठवत नाहीत? याचं कारण बेसबॉलच्या एका कडक नियमात आहे. एकदा सामन्यातून बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. संघात आता २६ खेळाडू असतात (२०१९पर्यंत २५ असत) आणि त्यात कॅचर सहसा दोनच. समजा आठव्या इनिंगमध्ये मॅनेजरनं, म्हणजे मुख्य प्रशिक्षकानं, राखीव कॅचरला दुसऱ्या कुणाच्या जागी बॅटिंगला पाठवून खर्ची घातलं आणि नवव्या इनिंगमध्ये मुख्य कॅचरच्या बोटावर चेंडू बसला, तर प्लेटमागे बसायला उरतो एखादा इनफिल्डर, म्हणजे बेसजवळचा क्षेत्ररक्षक, ज्यानं शेवटचं कॅचिंग शाळेत केलेलं असतं. दीडशे किलोमीटर वेगाचा चेंडू अशा माणसाला झेलायला लावणं धोक्याचं आहे. त्यामुळे मॅनेजर राखीव कॅचरला शेवटपर्यंत राखून ठेवतो आणि तो नऊ इनिंग तयारीत बसून राहतो.

बाकावर बसला तरी तो रिकामा नसतो. मुख्य कॅचर बॅटिंग करून बेसवर अडकलेला असताना इनिंग संपली, तर त्याला पॅड, छातीचं कवच, मुखवटा चढवायला वेळ लागतो. दोन इनिंगमध्ये दोन-सव्वादोन मिनिटांचाच अवकाश असतो. तेवढ्यात राखीव कॅचर धावत जाऊन पिचरचे सरावाचे चेंडू झेलतो आणि मुख्य कॅचर आला की निमूट परततो. टीव्हीवर तोवर जाहिराती चालू असतात, म्हणून घरच्या प्रेक्षकाला हे कधी दिसतच नाही. मैदानात बसणाऱ्यांना मात्र रोज दिसतं. याशिवाय सामन्याआधीच्या बैठकीत समोरच्या बॅटरांचा अभ्यास, नुकत्याच वरच्या लीगमध्ये आलेल्या पिचरला धीर देणं, दुसऱ्या दिवशीच्या पिचरशेजारी बसून समोरचे बॅटर आज कोणत्या चेंडूवर फसताहेत ते दाखवणं, ही कामं त्याचीच.

हाताच्या करामती

राखीव कॅचर संघात टिकतो तो बॅटच्या नव्हे, मिटच्या, म्हणजे चेंडू झेलायच्या हातमोज्याच्या, जोरावर. त्यातल्या तीन गोष्टी ओळखता यायला हव्यात.

पहिली म्हणजे फ्रेमिंग, काठावरचा चेंडू अशा पद्धतीनं झेलणं की अंपायर त्याला स्ट्राइक देईल. प्लेटची रुंदी १७ इंच, म्हणजे सुमारे ४३ सेंटिमीटर. त्यावरून, बॅटरच्या गुडघ्याच्या खळगीपासून छातीच्या खालपर्यंतच्या पट्ट्यातून गेला तर स्ट्राइक, नाहीतर बॉल. तीन स्ट्राइकला बॅटर बाद, चार बॉलना त्याला फुकट पहिला बेस. दीडशे किलोमीटर वेगानं काठावरून गेलेल्या चेंडूचा निर्णय अंपायरला डोळ्यांनी द्यायचा असतो आणि त्याच्या डोळ्यासमोर असतो कॅचरचा हात. चांगला कॅचर खालच्या चेंडूसाठी मिट आधीच जमिनीलगत नेतो आणि खालून वर येत चेंडू घेतो, म्हणजे चेंडूच्या धक्क्यानं हात खाली दबत नाही. बाहेरच्या काठावरचा चेंडू तो बाहेरच्या बाजूनं आत येत घेतो. अंगठा चेंडूखाली, कोपर सैल, आणि झेलल्यावर मिट क्षणभर स्थिर.

इथे चूक कशी होते? चेंडू येताना हात उशिरा हलला की तो चेंडूवर झडप घालतो, मिट चेंडूसकट पट्ट्याबाहेर वाहत जातं आणि स्ट्राइक असलेला चेंडूही बॉल ठरतो. उलट, झेलल्यावर मिट फार लांबून ओढून आत आणलं तर अंपायरला ती लबाडी कळते आणि पुढच्या चेंडूलाही तो हात आखडता घेतो. अभ्यासकांचा ढोबळ हिशेब असा, की अशा आठेक स्ट्राइक मिळवल्या की समोरच्या संघाची एक धाव वाचते. सामन्यात एखाद-दोन स्ट्राइक जास्त मिळवणारा कॅचर हंगामाअखेर किती धावा वाचवून देतो, याचा अंदाज यावरून येईल. हा हिशेब पक्का बसायला २०१०नंतरचं दशक उजाडलं. त्याआधी असा खेळाडू फक्त पिचरांना आणि जुन्याजाणत्या चाहत्यांनाच कळायचा. रॉसची गणना या बाबतीत वरच्या श्रेणीत होत असे.

दुसरी, ब्लॉकिंग. बेसवर रनर, म्हणजे समोरच्या संघाचा धावणारा खेळाडू, असताना चेंडू मातीत टप्पा पडून आला तर तो झेलायचा प्रयत्न करायचा नाही. दोन्ही गुडघे आधी जमिनीवर टाकायचे, मिटनं मांड्यांमधली फट बुजवायची, खांदे पुढे गोल करायचे, हनुवटी छातीला लावायची, आणि चेंडू कवचावर घेऊन आपल्यासमोर दोन-तीन फुटांत पाडायचा. मान वळवली तर गळा उघडा पडतो. चेंडू मुखवट्याच्या लोखंडी गजांवर आदळला तर कुठल्या कुठे उडतो आणि रनर एक सोडून दोन बेस पुढे सरकतात. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे.

तिसरी, थ्रो. पहिल्या बेसवरचा रनर दुसरा बेस चोरायला, म्हणजे फटक्याची वाट न पाहता गाठायला, पळाला तर कॅचरला ३८.८ मीटर लांब चेंडू फेकायचा असतो. पिचरचा चेंडू मिटमध्ये येईपर्यंत साधारण १.३ सेकंद. मिटमध्ये आल्यापासून दुसऱ्या बेसवर पोहोचेपर्यंत चांगल्या कॅचरला १.९ ते २ सेकंद. वेगवान रनरला पळायला ३.३ ते ३.५ सेकंद. बेरीज करून पाहा, सगळा मामला एक-दोन दशांश सेकंदाचा आहे. नुसता दंड दणकट असून भागत नाही. चेंडू मिटमधून हातात किती लवकर येतो आणि पाय किती चटकन वळतात, यावरच बहुतेक वेळा निकाल लागतो. म्हणूनच पस्तिशी ओलांडलेले कॅचरही रनरला बाद करू शकतात.

एका पिचरचा माणूस

रॉसची खरी किंमत जॉन लेस्टरमुळे लोकांच्या लक्षात आली. लेस्टर आणि रॉस बॉस्टन रेड सॉक्समध्ये एकत्र होते. २०१३च्या वर्ल्ड सिरीजमधल्या पाचव्या सामन्यात लेस्टर पिचिंग करत होता. १-१ अशी बरोबरी असताना सातव्या इनिंगमध्ये रॉसनं ॲडम वेनराइटच्या चेंडूवर डबल, म्हणजे थेट दुसरा बेस गाठून देणारा फटका, मारून संघाला पुढे नेलं. बॉस्टन ३-१नं जिंकलं आणि पुढच्याच सामन्यात विजेतं ठरलं. त्याच वर्षी डोक्याला बसलेल्या दणक्यांमुळे रॉस दोन महिन्यांहून अधिक काळ बाहेर होता, हे ध्यानात घेतलं की त्या डबलचं मोल आणखी वाढतं.

डिसेंबर २०१४मध्ये कब्सनं लेस्टरला सहा वर्षांसाठी १५ कोटी ५० लाख डॉलर देऊन घेतलं आणि पाठोपाठ रॉसला दोन वर्षांसाठी ५० लाखांत. दुसरा करार पहिल्याची काळजी घेण्यासाठी होता. लेस्टर अव्वल दर्जाचा डावखुरा पिचर, पण त्याला पहिल्या बेसकडे चेंडू फेकताच येत नसे. हात आखडायचा, चेंडू भलतीकडे जायचा. २०१४च्या अख्ख्या हंगामात त्यानं पहिल्या बेसकडे रनर रोखण्यासाठी एकही थ्रो केला नाही. हे गुपित उघड झालं आणि रनर बेसपासून चार पावलं जास्त पुढे येऊन उभे राहू लागले. वरचा हिशेब इथे लावा. चार पावलांची आघाडी म्हणजे अर्धा सेकंद फुकटात.

यावर उतारा होता रॉसचा उजवा हात. रनर फार पुढे सरकलाय असं दिसलं की तो चेंडू झेलताक्षणी दुसऱ्या बेसची वाट न पाहता थेट पहिल्या बेसवर अँथनी रिझोकडे फेकायचा. यासाठी दोघांची आधी खूण ठरलेली असावी लागते, नाहीतर रिझो बेसपाशी पोहोचलेलाच नसतो आणि चेंडू उजव्या मैदानात निघून जातो. बॅटर उजवा असेल तर काम सोपं, कारण तो प्लेटच्या तिसऱ्या बेसकडच्या बाजूला उभा असतो आणि पहिल्या बेसची वाट मोकळी असते. त्यात चेंडू बाहेरच्या काठावर मागवला तर कॅचरचं शरीर आपोआपच फेकायच्या दिशेला झुकतं. डावखुरा बॅटर समोर असेल तर तोच मध्ये येतो, मग हा डाव टाळायचा. एकदा-दोनदा रनर असा पकडला गेला की बाकीचे आपसूक दोन पावलं मागे राहतात. रनर मागे राहिले हे आकडेवारीत रॉसच्या नावावर कुठेच जमा होत नाही. २०१६मध्ये लेस्टरनं १९ सामने जिंकले, ५ हरला.

लेस्टरचा पारा चढला की रॉस मुखवटा वर करून संथ चालीनं त्याच्याकडे जायचा. तेव्हा कॅचरनं पिचरशी बोलायला जाण्यावर मर्यादा नव्हती. २०१८मध्ये एका सामन्यात सहा भेटींची मर्यादा आली, २०१९मध्ये ती पाचवर आणि २०२४पासून चारवर आली. त्यामुळे नेमकं कधी उठून जायचं ही जाण आता आणखी मोलाची झाली आहे.

पिचर आणि त्याचा ठरलेला कॅचर ही जोडगोळी बेसबॉलमध्ये जुनी आहे. अटलांटा ब्रेव्ह्जमध्ये ग्रेग मॅडक्ससारखा महान पिचर तगडी बॅटिंग करणाऱ्या हावी लोपेझऐवजी चार्ली ओब्रायन, एडी पेरेझ, पॉल बाको, हेन्री ब्लँको अशा राखीव कॅचरांकडे चेंडू टाकायचा. पेरेझ तर १९९९मध्ये लोपेझ जायबंदी झाल्यावर नॅशनल लीगच्या (मेजर लीगच्या दोन गटांपैकी एक) अंतिम मालिकेत सर्वोत्तम खेळाडू ठरला. ओब्रायनची आठवण आणखी एका कारणानं निघते. बॅटला चाटून मागे येणारे फाउल टिप चेहऱ्यावर खाऊन खाऊन त्यानं आइस हॉकीच्या गोलकीपरसारखा, अख्खं डोकं झाकणारा आणि चेंडू तिरका घरंगळवून देणारा मुखवटा तयार करवून घेतला. १९९६मध्ये टोरांटोकडून खेळताना तो पहिल्यांदा वापरला. आज जिकडेतिकडे दिसणारा तो मुखवटा एका राखीव कॅचरची देणगी आहे.

सगळ्यात अवघड नोकरी मात्र नकलबॉल झेलणाऱ्याची. हा चेंडू जवळजवळ अजिबात न फिरवता टाकतात. फिरत नसल्यामुळे शिवणीवरून हवा कशी वाहील याचा भरवसा नसतो आणि चेंडू शेवटच्या क्षणी कुठेही डुगडुगतो. टिम वेकफिल्डचा नकलबॉल ताशी १०५ ते ११० किलोमीटरचा, म्हणजे या खेळात संथच. पण बॅटरला जसा कळत नाही तसा कॅचरलाही कळत नाही. त्यासाठी नियमात बसेल तेवढं मोठं मिट घ्यायचं (कॅचरच्या मिटचा घेर ३८ इंचांपर्यंत चालतो), हात पुढे न करता शक्य तितका उशीर करायचा आणि चेंडू अगदी जवळ आल्यावरच बोटं मिटायची. आधीपासून नेम धरून हात रोखला की चेंडू सुटलाच.

बॉस्टनमध्ये हे काम डग मिराबेली करायचा. २००५ संपता संपता त्याला सॅन डिएगोला देऊन टाकलं. एप्रिल २००६मध्ये नव्या कॅचरच्या, जॉश बार्डच्या, हातून वेकफिल्डच्या पाच सामन्यांत दहा चेंडू सुटले. हा वाईट कॅचर नव्हता, नकलबॉलची सवय नव्हती एवढंच. १ मे २००६ला न्यूयॉर्क यँकीज बॉस्टनच्या फेनवे पार्कात येणार होते आणि पिचर होता वेकफिल्ड. त्या दिवशी बॉस्टननं मिराबेलीला परत मिळवलं, खास विमानानं आणलं, विमानतळापासून मैदानापर्यंत पोलिसांच्या गाडीतून नेलं. गणवेश त्यानं त्या गाडीतच चढवला आणि पहिल्या चेंडूला तो प्लेटमागे हजर होता. बॉस्टन ७-३नं जिंकलं. बाकावरच्या माणसासाठी पोलिसांचा ताफा निघाला ही गोष्ट बॉस्टनकर अजून सांगतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. त्या एका दिवसात या कामाची किंमत सगळ्या शहराला दिसली.

सातवा सामना

आता पुन्हा रॉसकडे. २०१६ हा आपला शेवटचा हंगाम हे त्यानं आधीच जाहीर केलं होतं. सरावाच्या शिबिरातच रिझो आणि क्रिस ब्रायंट या तरुण सहकाऱ्यांनी त्याच्या नावानं इन्स्टाग्रामवर 'ग्रँडपा रॉसी' म्हणून खातं उघडलं, आणि रॉसी आजोबा हे नाव शहरभर झालं. २१ एप्रिलला सिनसिनाटीत जेक अरिएटानं समोरच्या संघाला एकही हिट न देता सामना काढला, तेव्हा मिट रॉसचं होतं. मे महिन्यात त्यानं कारकिर्दीतला शंभरावा होमरन, म्हणजे चेंडू थेट भिंतीपलीकडे धाडणारा फटका, मारला. २५ सप्टेंबरला रिगली फील्ड या कब्सच्या घरच्या मैदानावरच्या निरोपाच्या सामन्यात पुन्हा होमरन.

आणि मग क्लीव्हलंडमधला वर्ल्ड सिरीजचा निर्णायक सातवा सामना. भारतात तेव्हा ३ नोव्हेंबरची पहाट, साडेपाचची वेळ. कब्स ५-१नं पुढे असताना पाचव्या इनिंगमध्ये, दोन बाद असताना, मॅनेजर जो मॅडननं लेस्टरला आणलं. लेस्टर तीनच दिवसांपूर्वी पाचवा सामना खेळलेला. रनर बेसवर असताना त्याला आणायचं नाही असा मॅडनचा आधी बेत होता, कारण तुम्हाला आता माहीत आहे. तरी आणलं, कार्लोस सांताना पहिल्या बेसवर असताना. लेस्टरबरोबर विल्सन कॉन्ट्रेरासच्या जागी रॉस आला. नियमाप्रमाणे कॉन्ट्रेरास आता सामन्यातून कायमचा बाहेर.

बाकावर चार इनिंग बसून थंड झालेल्या हाताला पहिलंच काम मिळालं ते अवघड. जेसन किपनिसनं मारलेला चेंडू प्लेटसमोर घरंगळला. रॉसनं धावत उचलून पहिल्या बेसकडे फेकला, तो रिझोच्या पलीकडे गेला. रनर दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर. पुढे लेस्टरचा एक चेंडू मातीत आपटून रॉसच्या मुखवट्यावर बसला आणि लांब उडाला. मुखवट्यावरून उडालेला चेंडू ब्लॉक झालेल्या चेंडूसारखा जवळ पडत नाही. रॉस तोल जाऊन पडला, उठून चेंडूपर्यंत पोहोचेतो दोन्ही रनर घरी आले होते, दुसऱ्या बेसवरचासुद्धा. एका चेंडूवर दोन धावा, ५-३. ३९व्या वर्षी, शेवटच्या सामन्यात, अख्ख्या देशासमोर हे घडलं.

पुढच्याच इनिंगमध्ये रॉस बॅटिंगला आला. समोर अँड्र्यू मिलर, त्या शरद ऋतूत ज्याच्या चेंडूला हात लावणं भल्याभल्यांना जमत नव्हतं. रॉसनं तो सेंटर फील्डच्या भिंतीपलीकडे मारला. ६-३. वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात होमरन मारणारा तो सर्वांत वयस्कर खेळाडू ठरला. शिकागोकरांना त्याच्याबद्दल एवढी माया का, याचं उत्तर या पंधरा-वीस मिनिटांत आहे. चूकही त्याच्या हातून झाली, भरपाईही त्यानंच केली, आणि नंतर आठव्या इनिंगपर्यंत लेस्टरचे चेंडू शांतपणे झेलत राहिला. आठव्यात क्लीव्हलंडच्या राजाई डेव्हिसनं होमरन मारून ६-६ बरोबरी केली, तेव्हा ती एक जादा धाव किती महत्त्वाची होती हे सगळ्यांना कळलं.

नवव्यात रॉस चार बॉल खेळून पहिल्या बेसवर पोहोचला आणि त्याच्या जागी पळायला क्रिस कॉगलनला पाठवलं. रॉसची कारकीर्द तिथे संपली. आता दोन कॅचर खर्ची पडले होते. एरवी मॅनेजर इथे हातघाईला आला असता, पण कब्सनं त्या मालिकेसाठी तिसरा कॅचर बाळगला होता, मिगेल मोंतेरो. दहाव्या इनिंगमध्ये बेन झोब्रिस्टच्या डबलनं ७-६ झालं आणि मोंतेरोच्या सिंगलनं ८-६. क्लीव्हलंडनं आणखी एक धाव काढली, पण सामना ८-७नं कब्सचा. ज्या धावेनं सामना जिंकला ती तिसऱ्या कॅचरच्या बॅटमधून आली. हे मोंतेरोचं श्रेय फार कमी वेळा सांगितलं जातं, म्हणून इथे मुद्दाम.

खेळ सुटल्यावर

हे खेळाडू निवृत्तीनंतरही नजरेआड होत नाहीत, कारण इतकी वर्षं बाकावरून सामना वाचण्याची सवय मॅनेजरच्या खुर्चीत उपयोगी पडते. रॉस २०२० ते २०२३ कब्सचा मॅनेजर होता. टँपा बेचा केव्हिन कॅश खेळाडू म्हणून .१८३ची सरासरी घेऊन थांबला, पण २०२० आणि २०२१ला अमेरिकन लीगचा सर्वोत्तम मॅनेजर ठरला. राखीव कॅचर म्हणून नऊ हंगाम काढलेल्या ब्रूस बोचीनं मॅनेजर म्हणून सॅन फ्रान्सिस्कोला २०१०, २०१२, २०१४ला आणि टेक्सासला २०२३ला वर्ल्ड सिरीज जिंकून दिली. आपल्याकडे चंद्रकांत पंडितांची वाटचाल पाहिली तर नातं लगेच कळेल. किरण मोरे असल्यामुळे यष्टिरक्षक म्हणून कसोटीत मोजक्याच संधी मिळालेल्या पंडितांनी प्रशिक्षक म्हणून मुंबई, विदर्भ आणि मध्य प्रदेश अशा तिघांना रणजी करंडक जिंकून दिला.

चाहत्यांच्या प्रेमाचं सगळ्यात मोठं उदाहरण अर्थातच राखीव कॅचर बॉब युकर. १९६२ ते १९६७ अशा सहा हंगामांत ७३१ वेळा बॅटिंग, १४६ हिट, सरासरी .२००. १४ होमरन, त्यातला एक सँडी कोफॅक्ससारख्या पिचरला. १९६४ला सेंट लुईसबरोबर त्यानं वर्ल्ड सिरीज जिंकली, पण मालिकेत मैदानात उतरायची वेळच आली नाही. सामन्याआधी मैदानावर पडलेला बँडवाल्यांचा ट्युबा उचलून त्यात उंच चेंडू झेलतानाचा युकर मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिला. पुढे १९७१पासून २०२४पर्यंत तो मिलवॉकी ब्रूअर्सचा रेडिओ समालोचक होता. स्वतःच्या अपयशाच्या गोष्टी सांगून त्यानं तीन पिढ्यांना हसवलं, आणि चुरशीच्या क्षणी त्याच आवाजात कमालीची नेमकी माहिती द्यायचा. मिलवॉकीच्या मैदानात त्याचा एक पुतळा बाहेर आहे आणि दुसरा वरच्या मजल्यावर अगदी शेवटच्या रांगेत, खांबामुळे नीट दिसत नाही अशा एक डॉलरच्या जागांजवळ. १६ जानेवारी २०२५ला, नव्वदाव्या वर्षी, तो गेला.

आता काय बदलतंय

२०२२पासून पिचकॉम नावाचं यंत्र आलं. बोटांच्या खुणांऐवजी कॅचर मनगटावरची किंवा पायाच्या पॅडवरची बटणं दाबतो आणि पिचरला टोपीत आवाज ऐकू येतो. रात्री खुणा दिसाव्यात म्हणून नखं रंगवायची कॅचरांची पद्धत त्यामुळे मागे पडली. मोठा बदल २०२६चा आहे. स्ट्राइक-बॉलच्या निर्णयाला आता यंत्राकडे दाद मागता येते. प्रत्येक संघाला सुरुवातीला दोन संधी, दाद बरोबर ठरली तर ती संधी शिल्लक राहते. मागायची ती फक्त बॅटर, पिचर किंवा कॅचरनं, लगेच डोक्यावर हात ठेवून, बाकाकडे न पाहता. फ्रेमिंगनं मिळवलेली स्ट्राइक यात उलटू शकते, पण दिवसभरात मोजकेच चेंडू तपासले जात असल्यामुळे ती कला संपत नाही. उलट चेंडू कुठून गेला हे सगळ्यात चांगलं दिसतं ते कॅचरला, त्यामुळे दाद कधी मागायची हा निर्णय बहुतेक वेळा त्याच्यावर येतो. चुकीच्या वेळी दोन्ही संधी घालवल्या तर नवव्या इनिंगमध्ये हात चोळत बसावं लागतं.

राखीव कॅचर बघायचा असेल तर शनिवारी रात्री खेळलेल्या संघाचा रविवारचा दुपारचा सामना लावा. शिकागोतला दुपारी १.२०चा सामना उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री ११.५०ला सुरू होतो. संघाची यादी सामन्याच्या काही तास आधी येते, त्यात कॅचरचं नाव आदल्या रात्रीपेक्षा वेगळं आहे का पाहा. पहिल्या दोन इनिंग चेंडूकडे न बघता नुसतं त्याच्या मिटकडे बघा. खालचा चेंडू येताना ते जमिनीवरून वर येतंय की वरून खाली जातंय, हे एकदा दिसायला लागलं की पुढचं सगळं आपोआप दिसतं.